बब्रुवानच्या रानातून उडताना

बेंबळी
मे १९५९

प्रिय मनोहर,

तुझं पत्र मिळालं. पायाचं हाड जुळलं, काठी सुटली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण तुझं विमान चालवणं बंद केलंय आणि चौकशीचा निकाल लवकरच आहे, हे तू अगदी शेवटी, हवापाणी कळवावं तसं लिहिलंस. मुलांच्या वह्या तपासण्यात माझा जन्म गेला. शेवटच्या ओळीत काय दडवतात ते मला कळतं.

गावाकडे सगळं ठीक. तुझं लष्करी विमान बंद पडून ज्या रानात उतरलं, ते बब्रुवानचं रान आता नांगरून झालं. दुरुस्तीनंतर तुला उडायला वाट हवी म्हणून गावानं तिथली धसकटं उपटली, ढेकळं फोडली. एवढी मशागत त्या रानाची बब्रुवानच्या बापानंही केली नव्हती. दरसाल एक विमान उतरलं तर बरं, असं तो आता म्हणतो.

तू आमच्या घरी राहिलास त्या दिवसांत तुझ्या चाचीनं तुला किती खाऊ घातलं, ते तुझं पोटच जाणे. आम्हाला मूलबाळ नाही, तिनं सगळी हौस तुझ्यावर भागवून घेतली. निघताना तिनं ज्वारीचं चुंगडं, चांगलं अर्धं पोतं, पुढं केलं तेव्हा तू समजावलंस, की विमानाचं नाक उचलायचा दांडा मागच्या जागेवरही असतो, पुढचा ओढला की तोही हलतो, म्हणून तिथं काही ठेवता येत नाही. मला ते पटलं. तिला वाटलं, पोरगा भिडेखातर नको म्हणतोय.

मग विमान धावत सुटलं. नाक काही वर येईना. बांधावर आदळून ते उलटलं आणि तुला आम्ही बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं. दांडा अडकला होता, मागं येईना, असं तू शुद्धीवर आल्यावर सांगितलंस. चौकशीला आलेल्या साहेबांना विमानात काहीच सापडलं नाही. ते म्हणतात, तू घाबरून चुकलास आणि वर खोटं बोललास. आता तूही लिहितोस, की मी घाबरलोही असेन.

हे मी मोठ्यानं वाचत होतो. चाची भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "सापडंल कसं? म्याच तर काढलं." तू गावकऱ्यांबरोबर चहा पीत होतास, तेव्हा तिनं आणि बब्रुवानच्या बायकोनं, हरणाबाईनं, चुंगडं मागच्या जागेवर ठेवलं होतं. पाहुणा रिकाम्या हातानं कसा धाडायचा? साहेब यायच्या आधी दोघींनी फुटलेलं चुंगडं काढलं, सांडलेली ज्वारी वेचून घरी आणली. दडवायचं मनातही नव्हतं. अन्न मातीत राहू नये, एवढंच. मी रागावेन म्हणून मला सांगितलं नाही. त्या ज्वारीच्या भाकरी मीही खाल्ल्या. आता तिला घास गिळवत नाही.

मी म्हटलं, सगळं लिहून देतो, तू अंगठा लाव. म्हणाली, "अंगठ्याला कोन इचारतंय? म्या सोता सांगते." सोलापूरच्या पलीकडे न गेलेली ही बाई हरणाबाईला घेऊन निघालीय, आणि मी सोबतीला. आम्ही पोचेपर्यंत निकाल थांबवायला साहेबांना विनंती कर. ते आमचं मानतील की नाही, अल्ला जाणे. पण तोवर तू एक रात्रही स्वतःला दोष देत काढू नयेस, म्हणून हे पत्र आधी धाडतोय. दांडा खरंच अडकला होता. तू घाबरला नव्हतास, बेटा.

तुझाच,
जैनोद्दीनचाचा