तीनशे मीटरच्या खाली

सोमवार, ता. ३
लहानपणी आमचा अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि शेवटच्या अक्षरावर असा हेल काढायचा, की छपरावरची कबुतरं उडत. तो हेल आज या गच्चीवर आठवला. इथलं यंत्रही तसंच तालात टकटकतं. मला, निवृत्त काकाला, पुतणीने हाताखाली घेतलंय. ती हवेतली धूळ मोजते. यंत्र आभाळात लेसरचा किरण सोडतं, कणांवरून परतलेला उजेड टिपतं. कुठल्या उंचीवर किती धूळ, ते गच्चीवरच्या खोलीतल्या पडद्यावर रंगांत उमटतं. मी यंत्राची काच पुसतो आणि जुन्या ओळी गुणगुणतो. पुतणी म्हणते, काका, तुमच्या चालीने धूळसुद्धा पळून जाईल! हसली की खोकते. दम्याची पोर, आईबापांमागे मीच वाढवलेली. नोकरी झकास आहे.

गुरुवार, ता. ६
दीड हजार मीटरवर एक लाल पट्टा आलाय. वारा सुटला तरी ढिम्म हलत नाही. पुतणी म्हणाली, पाहुणा चिवट दिसतोय.

शनिवार, ता. ८
पट्टा सातशेवर. तिची धाप वाढली, पंप हातातून सुटत नाही. ती पडद्यासमोर बसली होती, मी मागे उभा. तिने श्वास सोडला की पट्टा फुगायचा. तिला ओढून बाहेर नेलं. चिडली माझ्यावर.

रविवार, ता. ९
चारशे. तिला आत्याकडे धाडलं, बसमध्ये मीच बसवून आलो. म्हणाली, काका, तुम्ही म्हातारे झालात.

सोमवार, ता. १०
पडदा निळाशार! पट्टा नाही. किती दिवसांनी मोठ्याने कविता म्हटली. संध्याकाळी आत्याचा फोन — पोर सुखरूप आहे, शांत झोपली आहे.

मंगळवार, ता. ११
सकाळी दुरुस्तीवाला आला होता. त्याला आनंदाने पडदा दाखवला. तो म्हणाला, आजोबा, तीनशेच्या खालचं या यंत्राला दिसतच नाही. फार जवळ आलेलं ते टिपत नाही.
म्हणजे गेला नव्हता. उतरला —

दुपार. खिडक्या लावल्या. फटींत ओले कपडे कोंबले. तरी टेबलावर धूळ — पुसली — पुन्हा —

दारावर थाप. झरोक्यातून पाहिलं. पुतणी. आत्ताच तर फोनवर बोललो तिच्याशी, आत्याकडे चहा पीत होती —
एवढे जिने चढून आली, पण धाप नाही. छाती हलतच नाही.
काका, आत येऊ का, म्हणते. आमची पोर कधी विचारून आली नाही —
कडी मी काढलेली नाही. तरी दार