आपण कोणता रंग लावायचा?

अण्णा, तुमच्या दादरच्या घराला पहिल्यांदा रंग दिला, तेव्हा पुढच्या खोलीत जो पिस्ता लावला होता तो नेमका किती फिका होता, एवढं विचारायला बसले आहे. उद्या आमच्याकडे रंगारी येतोय. वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. पत्रलेखन तपासताना तुम्ही मायन्याला वेगळे गुण ठेवायचात, ते गुण आज मी सोडून दिले असं समजा. आणि सा. न. वि. वि. तर मुळीच नाही, कारण नमस्कार करण्याइतकी मी अजून तुमच्यावर खूश नाही.

करी रोडची आमची चाळ पाडून तिथं टॉवर झाला. चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालेल्या या जागेत मुलगा, सून, नात आणि मी राहायला आलो आहोत. एक खोली माझी आणि नातीची. खोलीला बाल्कनी आहे, तिथून शिवडीच्या बाजूची खाडी दिसते आणि वारा इतका येतो की वाळत घातलेला रुमाल धरून ठेवावा लागतो. काल नात मोबाइलवर रंगांच्या चौकटी घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, “आजी, पेंटर परवा येतोय. आपण कोणता कलर लावायचा, बोल ना पटकन. आणि बाल्कनीत आपण काय लावायचं? मनी प्लँट नको हां, सगळ्यांकडे असतो.” तिनं किती साधं विचारलं होतं, अण्णा. पण ‘आपण’ म्हटल्याबरोबर मी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. हाच प्रश्न, याच शब्दांत, मला पूर्वी एकदा विचारला गेला होता आणि तेव्हा मी मनापासून उत्तर दिलं होतं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावात संचारबंदी लागलेली, तुमची शाळा बंद, खिडक्या लावून घ्यायच्या असा तुमचा हुकूम. आई गेल्यापासून फणसवाडीतल्या त्या दोन खोल्यांचा संसार मीच बघत होते. मॅट्रिक होऊन घरी बसलेली होते आणि धाकटा भाऊ अजून शाळेत जायचा. एका दुपारी तुम्ही शाळेतून आणलेला खडू घेता आणि जेवणाची जागा पुसून झाली न झाली तोच लादीवर बसता. दादरला सोसायटीत तळमजल्यावरची जागा मिळाली होती, हे तोवर मला नुसतं ऐकून माहीत होतं. आता ती जागा तुम्ही लादीवर काढता. ही पुढची खोली, हे स्वैपाकघर, ही मागची मातीची पट्टी. मग खडू माझ्या हातात देता आणि म्हणता, “बोल, आपण पुढच्या खोलीला कोणता रंग लावायचा?” मला तोवर कुणी साडीचा रंगसुद्धा विचारला नव्हता.

संचारबंदी उठली की रस्त्यावरून मोर्चे जायचे. एकदा खालून “मुंबई आमची!” अशी घोषणा आली आणि सज्ज्यात उभी राहून मीही ओरडले. तुम्ही मला आत बोलावलंत. मला वाटलं, मुलीच्या जातीनं ओरडू नये म्हणून रागावणार. पण तुम्ही व्याकरण काढलंत. “आमची नाही, आपली म्हणावं. ‘आमची’ म्हटलं की ऐकणारा बाहेर उभा राहतो. ‘आपली’ म्हटलं की तोही आत येतो. एवढी सोय भाषेनं करून ठेवली आहे, ती वाया घालवू नये.” मी खालच्या लोकांना काही ते समजावायला गेले नाही, पण माझे कान मात्र त्या दिवसापासून तयार झाले. तुम्ही ‘आपलं घर’ म्हणालात की मी त्यात स्वतःला मोजायची.

आणि तुम्ही उठता बसता तेच म्हणत होतात. आपल्या घराला चुना नको, डिस्टेंपर लावू. आपला ओटा उभ्याचा करू. उभ्याच्या ओट्यासाठी मी हट्ट धरला होता, कारण शेगडीपुढे बसून बसून आईचे गुडघे गेलेले मी पाहिले होते. फणसवाडीच्या चाळीतल्या बायका हसल्या, उभ्यानं स्वैपाक म्हणजे हॉटेलच म्हणाल्या. तुम्ही माझी बाजू घेतलीत. दादरला नेऊन गवंड्यासमोर मला उभं केलंत, हात कोपरात वाकवायला सांगितलंत आणि कोपराच्या जरा खाली विटेच्या तुकड्यानं भिंतीवर रेघ ओढलीत. “हिच्या मापानं बसवा कडप्पा,” म्हणालात. त्या लाल रेघेकडे बघून मला काय वाटलं होतं ते आता सांगायचीही लाज वाटते. मला वाटलं, मी आता इथं म्हातारी होणार.

बागेवरून मात्र खूप भांडलो. तुम्हाला लिंबू आणि शेवगा हवा होता, मला पारिजातक. पारिजातकाचा उपयोग काय, फुलं गटारात जाणार, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, स्वैपाकघराच्या खिडकीखाली लावू, ओट्याशी उभं राहिलं की खाली सडा दिसेल. ती सगळी भरावाची जमीन, खणलं की विटा आणि चुना निघायचा. तुम्ही वसईहून लाल मातीची पोती मागवलीत, खड्डा माझ्या कमरेइतका खोल खणवून घेतलात, तळाशी नारळाच्या शेंड्या घातल्यात आणि रोप माझ्याच हातानं लावून घेतलंत. लिंबू कोपऱ्यात गेलं, शेवगा रद्द झाला. मी जिंकले होते आणि तुम्ही हरल्याचा आनंद तुमच्या तोंडावर दिसत होता. तो आनंद मला आज कळतो म्हणून तर जास्त राग येतो.

राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांनी तुम्ही म्हणालात, “काही मंडळी उद्या घर बघायला येणार आहेत. पोहे कर.” घर बघायला लोक येतच होते, म्हणून मी काही विचारलं नाही. आईची मोतिया साडी नेसले ती घराला शोभावी म्हणून. मंडळी आली, तुम्ही दार उघडलंत आणि दोन्ही हात जोडून म्हणालात, “या, या. आपलंच घर आहे.” पाहुण्यांना सगळेच तसं म्हणतात, तेव्हाही मला काही खुपलं नाही. मग तुम्ही त्यांना आत फिरवलंत. “हा रंग आमच्या मुलीनं निवडला. ओट्याची कल्पना तिचीच. मागं या, बागही तिनंच केली आहे.” त्यांच्यातल्या बाईंनी कडप्प्यावरून बोट फिरवलं, खिडकीतून पारिजातक पाहिला, मग मला पायापासून वर पाहिलं आणि तुमच्याकडे वळून म्हणाल्या, “दिवाळीत तुम्ही म्हणालात, घर होऊ द्या, मग मुलगी दाखवतो. थांबलो ते बरं झालं हो. हात नीटनेटका आहे तिचा.”

ती दिवाळी म्हणजे खडूच्या नकाशाआधीची. माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला नाही की पाडला नाही, सगळ्यांना नीट फिरवून दिला, कारण तुम्ही तसंच वळण लावलं होतं. पण प्रत्येक बशी पुढे करताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. लादीवरची रेघ, विटेची रेघ, वसईची माती, ते भांडण, सगळं सगळं यांना दाखवण्यासाठी होतं. आणि ‘आपलं’ हा शब्द तुम्ही माझ्या देखत त्यांना देऊन टाकला होता.

संध्याकाळी तुम्ही मागं झारीनं पाणी घालत होतात. मी जाऊन विचारलं, “अण्णा, तुम्हाला दिवाळीपासून माहीत होतं?”

“होतं.”

“मग आपलं घर, आपलं घर कशाला म्हणत होतात?”

तुम्ही झारी खाली ठेवली नाहीत. “अगं, आधी सांगितलं असतं तर तुझं मन लागलं असतं का त्यात? घर असं झालं असतं का?”

लग्न व्हायचंच होतं, अण्णा. त्याचं मला दुःख नव्हतं, माझ्या वयाच्या सगळ्याच जात होत्या. माणसं चांगली होती, नवरा तर फारच. पण तुम्ही मला फसवलंत. माझं मन हवं होतं म्हणून माझ्याकडून ते खोटं बोलून काढून घेतलंत, आणि वर त्याचं कौतुक केलंत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी विसरले असते. तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता.

पुढं करी रोडच्या खोलीत सगळं आयुष्य गेलं. भिंती मालकाच्या, त्याला वाटेल तेव्हा पांढरा चुना. नवऱ्यानं पडद्याचं कापड विचारलं की मी म्हणायची, तुम्हाला आवडेल ते. तो बिचारा दुकानात उभा राहून वैतागायचा. “अगं, एकदा तरी नाक मुरड!” पण मी कशालाच हो-नाही केलं नाही. दिवाळीला दादरला पाहुणी म्हणून यायची तर भावाची बायको कमरेवर हात ठेवून म्हणायची, “वन्सं, तुमच्या मापाचा हा ओटा माझी कंबर मोडतो बघा.” ती माझ्याहून चांगली वीतभर उंच. जन्मभर ती वाकून पोळ्या लाटत राहिली आणि जिच्या मापाचा तो ओटा होता, तिनं इकडं करी रोडला पाटावर बसून लाटल्या. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळ्यांसाठी चहा मी केला. ओट्याशी उभी राहिले तर हात बरोबर जागेवर पडत होते. तेव्हा मी रडले, ते तुमच्यासाठी रडले असं सगळ्यांना वाटलं. ती इमारतही आता उभी नाही.

तर काल मी नातीला विचारलं, “आपण म्हणजे कोण गं?”

ती मोबाइलमधून वर बघून म्हणाली, “म्हणजे काय आजी? तू नि मी. रूम दोघींची ना? मग!” आणि उत्तराची वाट न बघता पुढचे रंग दाखवू लागली. तिच्या मनात दुसरं काही नाही, हे मला कळतं. तरी मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या आज संपतोय. ‘तुला आवडेल तो’ हे शब्द तोंडाशी तयार आहेत, साठाहून जास्त वर्षं तयार आहेत. पण ती रुसेल, आणि खरं म्हणजे मला पिस्ताच हवा आहे. खारं वारं लागतं तिथं पिंपात पारिजातक जगेल का, पिंपाच्या तळाशी शेंड्या किती घालायच्या, हेही तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही. ज्यानं फसवलं त्यालाच विचारायला बसले, यावरून काय ते समजा.

हे पाठवायचं कुठं आणि कशाला. घडी घालून पलंगाच्या गादीखाली ठेवीन. फक्त एक सांगते. अगदी वर, पहिल्या ओळीत, ‘तुमच्या दादरच्या घराला’ असं लिहिलं आहे, त्यात ‘तुमच्या’च्या आधी एक शब्द खोडलेला आहे. तिथं हात आपसूक ‘आपल्या’ लिहून गेला होता. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, वडिलांना मान म्हणून तसं लिहिलं. मान म्हणून नव्हतं लिहिलं, अण्णा.