घटातली बेशरम

२० सप्टेंबर १९९५, बुधवार
आले एकदाची सुरतेला! लग्नाला चार महिने झाले, पण ह्यांना आत्ता सवड मिळाली. पितृपक्षात घर बदलू नये म्हणून आई कुरकुरली. मी कसली ऐकते! कतारगामात दोन खोल्या, वर पत्रे, नळ घरात. हे लूमवर बारा तासांची पाळी करतात. दिवसभर घरावर माझंच राज्य.

मागच्या अंगणात कमरेच्या वर बेशरम माजली आहे, जांभळट फुलांची. कितीही तोडा, पुन्हा उगवते, म्हणून ते नाव. तिकडे साप आहेत, जायचं नाही, असं ह्यांनी बजावलं. माझ्या गळ्यात ह्यांच्या पहिल्या बायकोचा, सरलाचा, चांदीचा टाक आहे. सवत शांत राहावी म्हणून आईनेच घातला. गेल्या वर्षी प्लेगमध्ये ती दवाखान्यात गेली म्हणे. बिचारी. तिचं पोळपाट मात्र झकास आहे.

२५ सप्टेंबर
आज घट बसवला. हे म्हणाले, इथे नको ते खूळ. माहेरी कधी घट चुकला नाही, तो इथे बरा चुकेल! परडीला शेतातली माती लागते. सुरतेत शेत कुठून आणू? हे पाळीला गेल्यावर मागे गेले, बेशरमच्या मुळाशी उकरून चार ओंजळी आणल्या आणि गहू पेरला. साप काही दिसला नाही.

२८ सप्टेंबर
गहू उगवलाच नाही. परडीत बोटभर बेशरम उभी आहे. बी मातीतच असणार. ती बघून हे पांढरे पडले, उपटायला धावले. मी आडवी आले. दसऱ्यापर्यंत घटातलं काही उपटायचं नसतं, देवी असते ती. माती कुठली, असं विचारलं. मी सांगितलं. मग जेवलेच नाहीत.

३० सप्टेंबर
मागच्या दाराच्या फटीतून कोंब आत आले. मोरीतूनही. ह्यांनी कोयत्याने छाटले, वर जळकं ऑइल ओतलं. दुपारी पुन्हा तेवढेच. सगळ्यांचा रोख ह्यांच्या खाटेकडे. माझ्या अंथरुणाला एकही शिवत नाही. भीती वाटते. नवलही वाटतं.

१ ऑक्टोबर
शेजारच्या कलाबाईंना परडी दाखवली. त्या मटकन खाली बसल्या. सरला दवाखान्यात गेलीच नव्हती. तिला ताप भरला आणि— त्यांचेच शब्द लिहिते: "त्यानी भाहेरथून कुलूप लाई दिन्हं आनि गावले पळी गया. चार दिन ती दार वाजाडत व्हती." रोगाच्या भीतीने कलाबाईंनीही उघडलं नाही. परतल्यावर ह्यांनी तिला मागच्या अंगणात पुरलं.

म्हणजे मी देवीला जी माती घातली, ती—

टाक मुठीत धरून म्हटलं, बाई, तुझं तू घे. मी आडवी येणार नाही. घटाला दुप्पट पाणी घातलं.

२ ऑक्टोबर
ह्यांना ताप. खाटेच्या पायांना वेढे. रिक्षा आण म्हणतात, गावी जाऊ म्हणतात. पाणी मागतात. मी पाणी घालते. घटाला.

ट्रंकेत कुलूप सापडलं. तेच असणार.

३ ऑक्टोबर, दसरा
लावलं. बाहेरून.

पायरीवर बसून लिहिते आहे. आतून दार वाजतं. "सरला, उघड," म्हणतात. मला सरला म्हणतात. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

कलाबाई आपल्या दारातून बघत आहेत. आजही पुढे येत नाहीत.

ठोके मंद झाले— नको. पुरे. मी ह्यांच्यासारखी नाही. उघडते.

कुलपाभोवती कोंब. किल्ली शिरत नाही. तोडला तर चीक, लगेच दुसरा— सरला, सोड, मीच सांगते ना— पुरे झालं—

दार वाजायचं थांबलं.

टाकाच्या दोऱ्यात काहीतरी सरकतंय. आवळतंय. कलाबाईंना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आतून कडी—