साबुदाणा बंद

एस्तेर,

"देवा, आज पुन्हा साबुदाणा!" सकाळी डबा भरताना तू पुटपुटलीस, ते मी ऐकलं. उपवास म्हटलं की माझ्या मेलीचा हात साबुदाण्याकडेच जातो. तीन आठवडे गप गिळलास, कमाल आहे तुझी! मग मोबाइलवर वाचलं, तेव्हा कळलं की तुमच्या चाळीस दिवसांच्या उपवासात डाळभात चालतो. शिफ्टवरून येशील तेव्हा भुकेली असशील, आमटी-भात झाकून ठेवलाय. मी देहूला वन्संकडे जातेय, संध्याकाळी येईन.

पण मला सांग, चहा चालतो का? रविवार त्यात धरतात का? आणि आवडीचं काय सोडायचं, ते कोण ठरवतं?

तू मटण सोडलंस. पहिल्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर लावलेली राख मात्र जिन्यातच रुमालाने पुसून वर आलीस. मी दारातून पाहिलं.

आज मीही एक सोडलं. दोन वर्षं मी शेजाऱ्यांना सांगत होते ना, सून गुरुवार करते म्हणून, ते. मघाशी कौशल्याबाईंनी जिन्यात पुन्हा विचारलं, "सूनबाईंचे कसले हो एवढे उपवास?"

म्हटलं, "चर्चचे. आमची सून ख्रिश्चन आहे."

आई