मान डोलावायची नाही

सर, आज तुमचा तो उंच विद्यार्थी भेटला. बोलताना सारखा चष्मा पुसायचा, तो. आता सरकारात साहेब झालाय, जीपमधून इतक्या लांब, मी आता राबतो त्या कोळशाच्या खाणीवर आला होता. तेव्हापासून मला बसवत नाही की उभं राहवत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगायला मला दुसरं कोण आहे? हा कागद टपालात टाकायचाच नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

दापोडीला तुमच्या ओसरीवर रविवारी दुपारी पुण्याहून कॉलेजची ख्रिस्ती पोरं यायची. प्रार्थना झाली की एकेकानं सरकारचा एखादा कायदा घ्यायचा आणि तो मला समजावून द्यायचा. मी चौथीत शाळा सोडलेला, पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहणारा, आणि ख्रिस्तीही नाही. म्हणूनच तर तुम्ही मला बोलावलंत. पोरांना म्हणायचात, उद्या तुम्ही कचेरीत बसाल, विधानसभेत बसाल, तिथं समोर आपल्या चर्चमधलीच माणसं नसणार. मी ‘समजलं’ म्हणेपर्यंत पोरानं खाली बसायचं नाही, असा तुमचा नियम. मग पोरं मला चिडवायची, “काय सरकार, आज तरी मंजूर करणार का?”

एकदा हाच उंच पोरगा कारखान्यांसाठी जमिनी घ्यायचा कायदा सांगतोय. पार घामाघूम. मला त्याची दया आली, त्यात काकूंनी चहा आणून ठेवलेला. मी मान डोलावली. तुम्ही कप खाली ठेवलात, म्हणालात, काय समजलं ते सांग. मला एक शब्द सांगता येईना. त्याला तुम्ही काही बोलला नाहीत, मलाच बोललात. “तुझ्या या मानेनं त्याचं नुकसान केलंस. उद्या हा साहेब होईल आणि अख्खं गाव अशीच मान डोलावेल.” सगळ्यांचा चहा गार झाला, पण त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलंत.

आज तो सांगत होता, खाणीवरच्या आमच्या झोपड्या पाडून पक्क्या खोल्या बांधून देणार, या कागदांवर अंगठे द्या, सोमवारी काम सुरू. सगळे माना डोलावत होते. मी कधी उभा राहिलो, मलाच कळलं नाही. “न्हाई समजलं, साहेब. झोपड्या पाडल्यावर खोल्या होईस्तोवर आमी ऱ्हायचं कुठं?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “अजून मंजूर नाही ना, सरकार?” मग कागद मिटले. याचं उत्तर माझ्याकडं नाही म्हणाला, वर विचारून उद्या येतो म्हणाला.

आता शेजारपाजारचे माझ्यावर चिडलेत. दारात आलेली पक्की खोली तुझ्या तोंडानं घालवलीस, म्हणतात. बायकोचे दिवस भरलेत. बाळ पक्क्या छपराखाली वाढावं एवढंच तिचं म्हणणं होतं, तिनंही दुपारपासून माझ्याकडं पाठ फिरवलीय. मी दारात येतो, पुन्हा आत जातो.

खरं सांगू, सर? उद्या तो उत्तर न घेताच आला, तरी मान डोलावून टाकावी असं मला आत्तापासून वाटतंय.