नावाड्यावरचा आळ

ता. १२, रविवार, दुपार

लाडक्या खारूताईस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. मी ठणठणीत आहे. मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलून घेतला. शाळेच्या गणवेशांचा ढीग एकदाचा उपसला. तू लोकांच्या दाढा उपटतेस, मी लोकांच्या शिवणी उसवते. मायलेकींचं बरं चाललंय म्हणायचं.

आता खरी बातमी. 'सात पुलांचं राज्य'चा सातवा भाग आला! उडी मारलीस ना? मीही मारली, फक्त माझ्या गुडघ्यांना न कळवता.

मुखवट्या कोण, ते आता कळणार. पहिल्या भागात तो लग्नातला पाहुणा होऊन आला, दुसऱ्यात वैद्य, तिसऱ्यात तर चक्क राजकन्येचा शिक्षक. दर भागात एक पूल पाडायचा आणि पसार व्हायचं. आठवतं, तू पाटावर बसून मोठ्याने वाचायचीस आणि मी शिवता शिवता ऐकायचे? मुखवट्या आला की माझं मशीन आपोआप थांबायचं. तुझे बाबा गेल्यानंतरची ती वर्षं आपण त्या पुस्तकांच्या आधारानेच काढली.

तुझं ठाम मत होतं, राजा युद्धात मेलेलाच नाही, तोच मुखवट्या. मी वाद घालायचे, पण तू असं का म्हणतेस ते मला कळत होतं. तेरा वर्षांच्या पोरीला आपला बाप कुठल्याही रूपात परत आला तरी चालला असता. मलाही चालला असता गं.

माझा संशय मात्र नावाड्यावर. दिवेलागणीला राणीच्या महालात शिरतो, पहाटे बाहेर पडतो, आणि का ते पुस्तकात कुठेच नाही! मी त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि तू पुस्तकात तोंड खुपसून हसायचीस. का हसायचीस ते मला गेल्या महिन्यात कळलं, बाईसाहेब.

झालं असं. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले तुला आठवत असतील. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा दाराशी चहा पीत उभे होते ते. तू विचारलंस, "हे रोज येतात का गं?" मी म्हटलं, "पँट आखूड करायला आलेत." तू म्हणालीस, "रोज? एवढ्या पँटी?" मी लगेच कुकरकडे पळाले होते.

तर त्यांनीही सगळे भाग वाचलेत. माझ्या टेबलावर चौथा भाग पाहून बोलायला लागले. मी नावाड्याचा विषय काढला, तर म्हणाले, "बाई, त्या गरिबाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"रात्रीचा महालात जातो कशाला मग?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही चौथा भाग वाचलाय ना?"

"वाचला नाही, ऐकलाय. लेकीने वाचून दाखवलाय."

त्यांनी मधली पानं काढली आणि वाचायला लागले. अगं बये! राणी आणि नावाडी! सबंध प्रकरण त्या दोघांचं, आणि त्यातली ओळसुद्धा माझ्या कानांवर आलेली नाही. आईसमोर असलं कसं वाचायचं म्हणून तू पानं उलटलीस, आणि मी इतकी वर्षं प्रेमात पडलेल्या साध्या माणसावर पूल पाडल्याचा आळ घेत बसले.

मध्येच चष्मेवाले अडखळले. उगाच चष्मा पुसला. दोनदा पुसला. "पुढचं सोडू का?" म्हणाले. मी म्हटलं, "एकदा सोडलेलं महागात पडलंय. वाचा." मग त्यांनी वाचलं. राणी नावाड्याला म्हणते, "राज्य माझ्या मुलीचं आहे, पण संध्याकाळ माझी आहे." मी हातातली कात्री खाली ठेवली.

तेव्हापासून दुकान बंद करण्याआधी ते रोज थोडं वाचतात, मी बटणं लावते. समोरची कागदवाली परवा डोळे बारीक करून म्हणाली, "चष्मेवाले रोज संध्याकाळी तुमच्याकडे असतात कशाला हो?" मला आधी हसू आलं. मग नावाड्याची फार कीव आली.

आडून आडून किती लिहू? मागच्या आठवड्यात मी कॉलरला इस्त्री करत होते, तेव्हा ते म्हणाले, "आपल्या दोन दुकानांच्या मधल्या भिंतीत एक दार काढलं तर?" मी म्हटलं, "वारा येईल, पण तुमच्या काचा घासल्याची धूळ माझ्या कापडावर बसेल." ते म्हणाले, "बाई, मी वाऱ्याबद्दल बोलत नव्हतो." कॉलर जळली. गिऱ्हाइकाला नवी लावून द्यावी लागली.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आतून माझं 'हो' आहे. मी खूश आहे, खारूताई, सकाळी शटर उचलताना गुणगुणते इतकी खूश आहे. परवानगी मागायचं माझं वय उरलं नाही. पण तू गाल फुगवून बसलीस तर मला घास गोड लागणार नाही, हेही खरं. बाबांची जागा बाबांचीच राहील. त्यांची मापाची टेप अजून माझ्या गळ्यात असते, आणि ते चष्मेवाल्यांना माहीत आहे.

सातवा भाग शेवटचं प्रकरण सोडून वाचून झालाय. सातवा पूल अजून उभा आहे आणि मुखवट्या त्यावर पाठमोरा आहे. चष्मेवाल्यांनी राजवैद्यावर पैज लावलीय. मी म्हटलं, शेवटचं प्रकरण माझी लेक वाचणार, आणि तुमचं उत्तरही त्याच दिवशी. बिचारे पुस्तकाकडे बघून उसासे टाकायला लागले. मी ते कापडात गुंडाळून मशीनच्या खणात ठेवलंय.

सुट्टी काढून ये. पाट जागेवरच आहे. तू वाच, आम्ही दोघं ऐकू. लाजायचं काही कारण नाही, तू आता मोठी झालीस, आणि मीही झाले थोडी. फक्त या खेपेला एकही पान गाळू नकोस. या पत्राचंसुद्धा.

नावाड्याची मनापासून माफी मागितलेली,
तुझीच
आई