मायच्या दोन मरणांचा खुलासा

मारेगाव,
ता. २४ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप देवदादा यांस,

धाकटा भाऊ नागोराव याचा सप्रेम जयभीम. राजूरला वहिनींची कंबर आणि तुमचा खाणीतला खोकला दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे माय आणि कौसल्या दोघी जिवंत आहेत. हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही. दोघी जिवंत आहेत हे दाखवून द्यायला मला परवा यवतमाळला जावं लागलं.

त्याचं असं झालं. आपली सत्यशीला कॉलेजात गेल्यापासून घर सुनं पडलं, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या बाई साध्या कारणाला सुट्टी देत नाहीत. (त्यांचं बरोबर आहे, पण ते मला परवा कळलं.) म्हणून वेचणीच्या दिवसांत मी तार केली की आई अत्यवस्थ आहे. पोरगी आली, चार दिवस कापूस वेचून गेली. मग शेजारच्या उकंडाच्या नातवाचं बारसं आलं, तेव्हा आजी वारली. मग तहसीलचा एक इंग्रजी कागद कोणाला वाचता येईना, तेव्हा पुन्हा आई. आणि जानेवारीत मला नुसती तिची आठवण आली. पण बापाला आठवण आली म्हणून सुट्टी मिळत नाही, सबब आजी पुन्हा वारली. (दुसऱ्यांदा आहे हे तार करताना खरंच ध्यानात नव्हतं.) आपल्या मायला मारण्यापूर्वी मोठा भाऊ म्हणून तुम्हाला विचारलं नाही, याची माफी असावी.

गेल्या आठवड्यात कॉलेजचं पत्र आलं, की मुलीच्या हजेरीबाबत पालकांनी समक्ष भेटावं. कौसल्या म्हणाली, पालक म्हणजे मीही. माय म्हणाली, मग मी कोण? दोघी ठेवणीतली लुगडी नेसून बसमध्ये चढल्या. माझ्या डोक्यात उजेड पडला तो थेट करंजीच्या थांब्यावर: ज्या दोघींना तारेत आजारी पाडलं आणि मारलं, त्यांनाच घेऊन मी कॉलेजात चाललो होतो. इथं चहा घ्या आणि परतीच्या मोटारीनं घरी जा, असं मी सुचवलं. दोघींनी चहा घेतला आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

प्राचार्यसाहेबांनी आदरानं बसवलं. या वर्षी तुमच्या घरावर फार आघात झाले, म्हणाले. समोर फायलीत चारही तारा टाचलेल्या. मग कौसल्येकडे वळून आपण मुलीच्या मावशी का, असं त्यांनी विचारलं. कौसल्या सरळ बाई, म्हणाली, आई. आणि या? आजी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पण आम्ही होतो तितकेच राहिलो. मग त्यांनी एकेक तार वाचून दाखवली. कौसल्येनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माय मात्र पुढं सरकली.

“साहेब, मी कायनं मेली होती?”

यावर साहेबसुद्धा हसले, पण पुढचं बोलणं हसण्यासारखं नव्हतं. हजेरी अकरा दिवसांनी कमी पडली होती. परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल, असं त्यांनी सांगितलं. गणितात पोरगी वर्गात पहिली आहे, हेही मला तिथंच कळलं. त्यांनी तिला वर्गातून बोलावलं. दारात आम्ही तिघं दिसताच ती पांढरी पडली आणि विचारती झाली, “कोण गेलं?” कोणी नाही, असं मी म्हणालो. साहेबांनी विचारलं, तारा खोट्या आहेत हे तुला ठाऊक नव्हतं का? ती खाली पाहून म्हणाली,

“दुसऱ्या तारेलेच समजलं होतं, सर. पण एखाद्या खेपेस खरी असली तं?”

दादा, घरी येऊन तिनं हे कधी कोणाला सांगितलं नाही, माझी लाज राखली. मला त्या खुर्चीत बसवेना. तेव्हा कौसल्या उठली.

“साहेब, लिहून घ्या. मी खरंच मेली तरी पेपर झाल्याबिगर हिले सांगू नका.”

पालकांची लेखी हमी असेल तर तेवढे दिवस माफ करणं साहेबांच्या हातात होतं. परीक्षेपर्यंत मुलीला घरी बोलावणार नाही, भेटायचं तर आम्हीच जाऊ, असा कागद झाला. कौसल्येनं विहारातल्या वर्गात शिकलेली सही केली. (‘ल्या’पाशी पेन थांबलं तेव्हा खोलीतले सगळेच थांबलो.) खाली मायचा अंगठा, त्याखाली मी. सत्यशीला वर्गात परत गेली ती जवळजवळ पळतच. परतीला कौसल्या मला सोडून निम्मी वाट मायशेजारी बसली. मग तिनं मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले, आणि छातीवरचं ओझं उतरलं.

वहिनींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
नागोराव

ता. क. — पत्राचं कारण राहिलंच. तुमच्या मथुरेचं लग्न तुम्ही वीस मार्चला धरलं आहे आणि सत्यशीलेचा पहिला पेपर अठराला आहे. तारीख एप्रिलच्या शेवटाला न्यावी. एवढ्यासाठीच सगळं लिहिलं.

आणखी ता. क. — तारीख हलत नसेल तर आम्ही तिघं येऊ, सत्यशीलेला कळवणार नाही. मात्र तिच्या लाडक्या बहिणीचं लग्न तिच्यावाचून उरकलं, हे परीक्षेनंतर तिला सांगायला यवतमाळला तुम्हीच यावं. मी सोबत येईन, पण फाटकाबाहेर उभा राहीन.